मधलं भात

देवभात कुणी पेरत नाही. ते आपलं आपण उगवतं, बावखलाच्या काठाकाठानं, गुडघाभर पाण्यात. म्हणून तर ते ऋषिपंचमीला चालतं. नांगर नको, बैल नको, खत नको. जयवंती लग्न होऊन सांडोरला आली तेव्हा सासूबाईंनी तिला हे सांगितलं होतं, आणि सासूबाई सांगायच्या ते सहसा खोटं नसे, फक्त टोचून सांगितलेलं असे. त्यामुळे त्या रविवारी सुनेनं पाटावर बसल्या बसल्या "आई, बावखलातलं मधलं भात कोण लावतं हो?" असं विचारलं, तेव्हा केळफूल सोलणाऱ्या जयवंतीनं मानही वर केली नाही.

"कोण लावणार? देव," ती म्हणाली. "त्याला इकडे दुसरं काम काय आहे?"

"काठाचं देव लावत असेल. मधलं माणूस लावतंय."

सून म्हणजे स्वप्ना. मूळची वाईकडची, पण वाढली विरारला मनवेलपाड्यात, आणि लग्नानंतरही जयवंतीच्या हर्षवर्धनला घेऊन तिथंच फ्लॅटात राहिली. हर्षवर्धन बँकेत, आणि ही मुंबईच्या एका संस्थेत गवतांवर संशोधन करायची. "सून काय करते?" म्हणून कुणी विचारलं आणि जयवंतीनं "गवतावर असते" म्हणून सांगितलं, की माणूस जरा थांबायचा आणि मग "बरं, बरं" म्हणायचा. आपल्याकडची रानगवतं मुळात आली कुठून, कोण कुणाची आई, कोण कुणाची मावशी, हे स्वप्ना पानांतला डीएनए काढून ताडून बघायची. जयवंतीच्या मते हे सोयरिकी जुळवणाऱ्या बाईचंच काम होतं, फक्त त्यात जेवणावळ नव्हती. पण पोरीवर तिचा जीव होता. सासरी आल्यावर दागिने बघायचे सोडून ही बावखलाच्या काठावर उकिडवी बसून गवताच्या पात्या मोजत होती, तेव्हाच जडला होता.

"नीट सांग," जयवंती म्हणाली. "मी केळफूल सोलतेय, कान नाही."

स्वप्नानं सांगितलं. रानगवताचा दाणा पिकला की गळतो. गळायलाच हवा, नाहीतर पुढच्या वर्षी उगवणार कसा? शेतातलं भात गळत नाही. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या न गळणाऱ्या लोंब्याच निवडून पेरल्या, म्हणून ते पिकूनही देठाला चिकटून उभं राहतं, कुणीतरी कापायला येईल म्हणून. कुणी आलंच नाही तर तिथंच कुजतं. दोनचार वर्षांत संपतं.

"काठाचं देवभात गळणारं आहे. ते बरोबर. पण मधलं गळणारं नाही, आई. दाणा गळायचा की नाही हे डीएनएत जिथं ठरतं ती जागाच मी तपासली. शिवाय ते आपल्या जिल्ह्यातल्या एकाही भाताशी जुळत नाही. सगळ्यांपेक्षा जुनं आहे. आणि काठाच्या ज्या देवभाताला आपण रान म्हणतो ना, ते ह्या मधल्याची पळून गेलेली पोरं आहेत."

"म्हणजे तीस वर्षं मी उपासाला शेतातलंच खाल्लं म्हण की."

"तसंच काहीसं."

"सासूबाईंना कळवायला हवं," जयवंती म्हणाली. सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली होती.

स्वप्ना हसली नाही. "आई, मधलं भात दर वर्षी कुणीतरी कापतंय आणि परत पेरतंय. त्याशिवाय ते टिकणारच नाही. कोण?"

"ग्रेसीच्या घरचं ते. पलीकडच्या. त्यांचा वाटा मधे आहे."

एवढं बोलून जयवंतीनं केळफुलाचा दांडा टाकून दिला. तिला त्यात काहीच विचारण्यासारखं वाटलं नाही.

*

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. केळींना, भाजीला, पानवेलीला पाणी पुरावं म्हणून वाडवडिलांनी खणलेलं, पावसाळ्यात तुडुंब आणि उन्हाळ्यातही ओलं. जयवंतीचं बावखल तिच्या आणि ग्रेसीच्या वाडीच्या मधोमध होतं. अलीकडचा काठ हिचा, पलीकडचा तिचा. देवभात दोघींकडे. जयवंतीचं साठवून पुढच्या ऋषिपंचमीला जायचं, ग्रेसीच्या लोंब्या ऑक्टोबरात आगेऱ्याला, नव्या पिकाच्या सणाला, चर्चमध्ये आशीर्वादासाठी जायच्या. गवत एकच, जायच्या जागा दोन, आणि त्यावरून कधी कुणाचं बिनसलं नव्हतं.

बिनसू नये म्हणून गाठी होत्या. देवभात पिकायच्या आधी, लोंब्या हिरव्या असतानाच, पाचसहा काड्या एकत्र घेऊन वर गाठ मारायची. म्हणजे दाणा सुटला तरी पाण्यात न पडता जुडीतच अडकतो. मग खाली टोपली धरून झोडायचं. जिची गाठ तिचं धान्य. जयवंतीच्या घरची गाठ अंबाड्यासारखी, एक वेढा देऊन टोक खाली खोचलेलं. ग्रेसीच्या घरची तिपेडी, वेणीसारखी. लांबूनही ओळखू यायची. दुसरीची गाठ सोडायची नाही, हा नियम. का, ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना का विचारण्याची पद्धत नव्हती.

आणि बावखलाच्या मधे, जिथं पाणी गळ्याएवढं, तिथंही एक बेट होतं देवभाताचं. त्यालाही दर वर्षी गाठी पडायच्या. काठावरून पाहिलं की पाण्यात बसलेल्या बायकांची डोकीच वर दिसावीत तशा त्या जुड्या दिसायच्या. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी पाहावं तर नुसती खुंटं. नेल्या असतील ग्रेसीनं, म्हणून जयवंती नजर वळवायची. शेजारणीच्या ताटात बघू नये.

"मला एक पिकलेली लोंबी हवी तिथली," स्वप्ना जेवताना म्हणाली. "संस्थेतले आमचे सर म्हणतात, माझा नमुना भेसळीचा आहे. कुठल्यातरी शेतातलं पान चुकून देवभात म्हणून आणलं. मी आंबे काढायच्या लांब झेल्यानं ओढून पान काढलं होतं ना, त्यांना ते पटतच नाही. पिकलेली लोंबी आणा, दाणा गळत नाही ते माझ्यासमोर दाखवा, म्हणतात. दिवाळीपर्यंत. नाहीतर ह्या बावखलाचं सगळं काम बाद."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे दोन वर्षं गेली. आणि पुढचं वर्ष मिळणार नाही."

हर्षवर्धन भात कालवता कालवता थांबला. "मग दुसरं गवत घे. गवताला काय तोटा?"

दोघी त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की त्यानं मुकाट्यानं ताक मागितलं.

"रडू नको," जयवंती सुनेला म्हणाली. स्वप्ना रडत नव्हती, पण रडली असती. "ग्रेसीला विचारते. एक लोंबी द्यायला ती काय मागेपुढे बघणार आहे?"

*

ग्रेसी ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. ऑगस्टीनची बायको, अंगानं भरलेली, तोंडानं मोकळी, जयवंतीच्याच वयाची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या बावखलाच्या दोन काठांना लागल्या होत्या.

"ये गे. मासे खात नाहीस तर वास तरी घे."

जयवंती बसली. "ग्रेसी, मधल्या भातातली एक लोंबी लागेल गं स्वप्नाला. तुझी गाठ तूच सोड, मी हात लावत नाही."

"कुठलं मधलं?"

"बावखलातलं. तुमचं."

ग्रेसीनं बोंबील खाली ठेवला. "आमचं कुठं? ते तुमचं ना?"

"आमचं?"

"तुझी सासू लावायची म्हणून माझी सासू सांगायची. त्यांच्या देवाचं असेल काही, म्हणायची, तिकडे बघू नको. मी कधी बघितलं नाही, शपथ."

जयवंती हसायला गेली. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथंच राहिलं.

"आणि कापून कोण नेतं?"

"तूच ना?" ग्रेसी म्हणाली. तिच्या हाताला बोंबलाचं पाणी लागलं होतं, ते ती पुसायचं विसरली. "जयवंती, तूच ना?"

ओट्यावरून बावखलाचा एक तुकडा केळींमधून दिसत होता. पाणी शांत होतं. तीस वर्षं दोघींनी एकमेकींचा मान राखून जिकडे पाहिलं नव्हतं, तिकडे आता दोघींनाही पाहवेना.

"गळ्याएवढं पाणी आहे तिथं," ग्रेसी हळूच म्हणाली. "आणि चिखल. उभं कोण राहणार?"

*

त्यानंतर जयवंती लक्ष ठेवायला लागली. रात्रीबित्री नव्हे, रात्री ती दार लावून झोपायची आणि खिडकीचाही पडदा ओढायची. दिवसा. वाडीतच तर काम. पानवेलीच्या वाफ्याशी बसलं की बावखल समोर.

मधल्या बेटावर अजून एकही गाठ नव्हती. लोंब्या हिरव्यागार, वाऱ्यावर डुलत. काठाचं देवभात वाऱ्यानं एका अंगाला झुकायचं. मधलं किंचित मागून झुकायचं, कुणीतरी आधी बघून मग करावं तसं. जयवंतीला वाटलं आपले डोळे. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मग एका दुपारी चारपाच गाठी दिसल्या.

ती सकाळपासून तिथंच होती. जेवायला घरात गेली होती, जरा आडवी झाली होती, तेवढंच. पाण्यावर एक वलय नाही. शेवाळ जसंच्या तसं पसरलेलं, बेटापर्यंत कुणी गेल्याची रेघ नाही. एरवी तिथं बगळा बसायचा. तो काठावर येऊन उभा होता आणि पाण्याकडे पाठ करून होता.

दुसऱ्या दिवशी ग्रेसी पलीकडच्या काठावरून ओरडली, "आज आणखी पडल्यात गे! मी जरा डोळा मिटला तेवढ्यात!"

"तू तरी जागी राहायचं होतंस!"

"आणि तू काय पारायण करत होतीस?"

दोघी हसल्या. मोठ्यानं हसल्या, कारण मधे पाणी होतं आणि ते ऐकत असल्यासारखं वाटत होतं.

गाठी वाढत गेल्या. लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या. स्वप्नाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आई, पिकलं का?" तिच्या आवाजात आता घाई होती. "सरांनी आज सगळ्यांसमोर विचारलं. तुमचं ते तळ्यातलं भूत कुठवर आलं, म्हणाले."

"त्यांना सांग, भुताला पिकायला वेळ लागतो."

"मी रविवारी येते आणि पाण्यात उतरते."

"तुला पोहता येतं?"

"रविवारपर्यंत शिकते," स्वप्ना म्हणाली.

"मी उतरते," जयवंती म्हणाली. म्हणून मोकळी झाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच उभी राहिली. गाठ ग्रेसीची नव्हती, आपली नव्हती. जिची होती ती कोण, हे ठाऊक नसताना तिची गाठ सोडायची. पण पोर गेली असती. पोहता येत नसताना गेली असती, हे जयवंतीला पक्कं माहीत होतं, कारण तिच्या जागी तीही गेली असती.

*

रविवारी भर दुपारी, बारा वाजून गेल्यावर, हर्षवर्धननं केळीचे चार खांब बांधून तराफा केला. लहानपणी ह्याच बावखलात असल्याच खांबांना धरून तो पोहायला शिकला होता. "मी जातो ना," तो म्हणाला.

"देवभाताला पुरुषाचा हात नाही लावायचा."

"ते शेतातलं भात आहे असं हीच म्हणते."

"मग शेतातल्या भाताला तरी तू कधी हात लावलायस?"

जयवंतीनं पदर खोचला, विळा-बिळा काही घेतला नाही, आणि छातीखाली तराफा धरून पाण्यात शिरली. पलीकडे ग्रेसी जपमाळ घेऊन उभी होती. ऑक्टोबर म्हणजे तसाही रोझरीचा महिना, पण आज ती जोरात म्हणत होती. अलीकडे स्वप्ना, हातात नमुन्याची कागदी पिशवी.

पाणी वर कोमट होतं आणि पायाशी गार. मधे पोचल्यावर पाय टेकले. चिखलात खोल जातील म्हणून तिनं जीव मुठीत धरला होता, पण पायाखाली घट्ट लागलं. पाऊल ठेवायला जागा. एका पावलाची, मग शेजारी दुसऱ्या पावलाची. तिची पावलं त्यात बसली.

गाठी डोळ्यासमोर आल्या. ती गाठ तिनं कधी पाहिली नव्हती. ना अंबाडा ना वेणी. दोन वेढे एकमेकांत जाऊन टोक असं आत गेलेलं की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, कळायला मार्ग नाही. आजूबाजूला किती आवाज होते ते आता, बंद झाल्यावर कळलं. ग्रेसीची जपमाळही ऐकू येईना.

"बाई," जयवंती मोठ्यानं म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं, "मी समोरच्या वाडीतली. एक लोंबी उसनी नेते हां. सुनेला हवीय."

तिनं हात पुढे केला. गाठ कुठून सोडायची याचा विचार करेपर्यंत ती सुटली होती. बोटांनी सोडली. कुठं दाबायचं, कुठलं टोक ओढायचं हे त्यांना ठाऊक होतं, चुलीपाशी अंधारात मीठ सापडावं तसं. तिनं एक लोंबी काढली, हलवून पाहिली. चांगली झटकून पाहिली. दाणे देठाला धरून होते. एकही पडला नाही.

मग सुटलेली जुडी तशी कशी ठेवायची, म्हणून तिनं ती परत बांधली. तेवढंच तिला आठवत होतं.

"आई! आई!"

ती काठाकडे वळली. स्वप्ना गुडघ्यापर्यंत पाण्यात आलेली, रडवेली. हर्षवर्धन शर्ट काढून उभा. केळींच्या सावल्या पाण्यावर लांब पडल्या होत्या. ऊन उतरलं होतं.

"काय झालं? आलेच की."

"किती हाका मारल्या!" हर्षवर्धननं तिला ओढून काठावर घेतलं. "मी दोनदा आलो अर्ध्यावर. तू म्हणालीस, थांब, थोड्या राहिल्यात."

"काय थोड्या राहिल्यात?"

ग्रेसी बांधावरून वळसा घालून, धापा टाकत अलीकडे आली होती. तिनं बोट दाखवलं. मधल्या बेटावर सकाळी कितीतरी काड्या मोकळ्या होत्या. आता एकही मोकळी नव्हती.

"तू बांधल्यास," ग्रेसी म्हणाली. "आम्ही बघत होतो. इतकी भराभर, गे. तुझ्या अंबाड्याच्या गाठीला तुला तिप्पट वेळ लागतो."

जयवंतीनं हात पाहिले. बोटांवर पात्यांचे बारीक काप होते, आणि ताज्या कापांखाली जुनेही. तिला ऑक्टोबरातल्या दुपारच्या झोपा आठवल्या. उठल्यावर मानेखालचे केस ओले लागायचे आणि ती उकाड्याला शिव्या द्यायची. किती वर्षं द्यायची?

ग्रेसी तिच्या शेजारी बसली. जयवंतीची साडी ओली, तरी अगदी लगटून. "मागल्या वर्षी," ती हळू आवाजात म्हणाली, "मी कमरेच्या वर भिजून घरी गेले एकदा. ऑगस्टीन विचारतो, काय झालं, तर मी म्हटलं काठावरून पाय घसरला. मला वाटलं घसरलाच असेल." थोडा वेळ ती जपमाळेचे मणी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझी सासू पण फार घसरायची."

स्वप्नाच्या हातात लोंबी होती. ती एकदा लोंबीकडे आणि एकदा ह्या दोघींकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती की आनंद, ते जयवंतीला ओळखता आलं नाही.

*

लोंबीनं काम केलं. सरांनी म्हणे ती स्वतः टेबलावर आपटली, दाणा पडला नाही. डीएनए परत काढला, तोच निघाला. तळ्यातल्या भुताचं नाव सरांनी पुन्हा काढलं नाही. स्वप्नाचं वर्ष वाढलं, तिला परिषदेला बंगलोरला पाठवलं, आणि ती येताना सासूसाठी गळणाऱ्या रंगाची एक साडी घेऊन आली.

"मग लिहिलंस काय तू त्यात?" जयवंतीनं विचारलं. "आमच्या दोघींचं?"

"नाही. दर वर्षी माणसाच्या हातानं कापून पेरलं जातं, एवढंच लिहिलं. कुणाच्या ते कोण विचारणार?" स्वप्ना म्हणाली. "शास्त्रात असंच बघतात, आई. न गळणारं गवत स्वतःच्या बळावर जगू शकत नाही. ज्याला हात मिळाला ते टिकलं."

"मिळाला, की त्यानं धरला?"

स्वप्ना साडीची घडी नीट करायला लागली. सरांना विचारते असंही म्हणाली नाही.

त्या दिवाळीनंतर बेट परत खुंटं होऊन राहिलं, आणि जयवंतीच्या टोपलीत मधल्याचा एकही दाणा सापडला नाही. कुणी कापलं, कुणी पेरलं, ह्याची चर्चा दोघी शेजारणींनी केली नाही. फक्त दुपारची झोप दोघींनी सोडली. त्याऐवजी एकीच्या ओट्यावर दुसरी येऊन बसायची, चहा व्हायचा, एकमेकींच्या डोळ्यांकडे लक्ष असायचं. पण माणूस किती जागं राहणार? पुढच्या पावसाळ्यात बेट हिरवं झालंच.

त्या वर्षी गौरी-गणपतीनंतर स्वप्नानं सासूला मनवेलपाड्याला नेऊन ठेवलं. "महिनाभर तरी पाण्यापासून लांब राहा," म्हणाली. चौथा मजला, समोर बिल्डिंग, तिच्यामागे बिल्डिंग. जयवंतीला बरं वाटलं. ती खरोखर दुपारी झोपायला लागली, आणि उठल्यावर मान कोरडी असायची.

गॅलरीत एक काळा प्लॅस्टिकचा टब होता. त्यात पाणी, चिखल, आणि वीतवीतभर लोंब्या आलेलं भात. लॅबमध्ये जागा नव्हती म्हणून त्या लोंबीतले थोडे दाणे स्वप्नानं घरी लावले होते. "नुसतं वाढतं कसं ते बघायला," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. मग वर वाळत घातलेलं धुणं तिनं तिथून हलवलं, त्याला ऊन मिळावं म्हणून. मग पाहुण्यांना गॅलरीत जायची बंदी झाली. हर्षवर्धन म्हणायचा, माझ्या आजारपणात हिनं एवढ्या वेळा माझ्या कपाळाला हात लावला नाही.

एके दिवशी सुट्टी होती. हर्षवर्धन बाजारात गेला होता. जयवंती दुपारची उठून चहाला आधण ठेवून वळली, तर गॅलरीतून स्वप्नाचा आवाज येत होता. सरांशी फोनवर बोलत होती. खांद्यानं कानाशी फोन दाबलेला, पाठ आत.

"हो सर... नाही सर, सगळं बी नाही देता येणार... कारण ते परत लावावं लागेल ना... हो, मलाच लावावं लागेल."

जयवंती दारात थांबली.

सुनेचे दोन्ही हात टबावर होते. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. समोरच्या बिल्डिंगकडे बघून सरांशी वाद घालत होती. बोटं काड्या गोळा करत होती. पाचसहा काड्या, एक वेढा, त्यात दुसरा, टोक आत. दिसेनासं. मग पुढची जुडी. जयवंतीनं तिला अंबाड्याची गाठ शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता. वाईच्या पोरीला ती काही केल्या जमली नव्हती.

फोन संपला. स्वप्ना वळली आणि सासूला बघून म्हणाली, "कधी उठलात? चहा टाकू?" मग सासू कुठं बघतेय म्हणून तिनंही खाली बघितलं.

हात थांबले नाहीत. तिनं बघितल्यावरही त्यांनी ती जुडी पुरी केली.

"आई," स्वप्ना म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "हे मला कुणी शिकवलं?"

टब उचलून चौथ्या मजल्यावरून खाली फेकावा असं जयवंतीच्या मनात आलं. टब जड होता, खाली सोसायटीच्या चेअरमनची गाडी होती, आणि फेकून उपयोग नव्हता. हात तर इथंच राहिले असते. तिला ते दुपारचं पाणी आठवलं, पायाखालची ती दोन पावलांची जागा, आणि बाजूला कुणीच नसणं. तीस वर्षांत त्या पाण्यात ती एकदाही कुणाच्या सोबतीनं उभी राहिली नव्हती. ग्रेसीही नव्हती. सासूबाई तर काय, कुणाला सांगणाऱ्याच नव्हत्या.

लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. दोनतीन दिवसांत काढायला आल्या असत्या.

जयवंतीनं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. ओट्याखाली सुनेची भाजीची टोपली होती. तिच्यातले कांदे तिनं फरशीवर ओतले, टोपली झटकली आणि ती घेऊन गॅलरीत आली. स्टूल ओढून टबाशी बसली.

"सरक जरा," ती म्हणाली. "तू बांध. मी खाली धरते."